स्लाव्ह जात्याच्या शब्दाचं वय काढताना मी केलेल्या दोन चुका

मागच्या वर्षीच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये माझ्या एका स्लाइडला चक्क टाळ्या पडल्या. पीएचडीच्या सेमिनारला सहसा टाळ्या पडत नाहीत, हे तुम्हाला लवकरच कळेल. स्लाइडवर डावीकडे पिठाच्या गिरणीचा फोटो होता, खाली शब्द ‘गिरणी’. उजवीकडे लिथुआनियातलं हाताने फिरवायचं जातं आणि खाली त्याचं तिथलं नाव, ‘गिर्नोस’. मध्ये मी एक जाडजूड बाण काढला होता.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेत बसलेल्या भाषाशास्त्राच्या एका निवृत्त सरांनी विचारलं, “संस्कृत ‘पर्ण’चं मराठीत काय झालं?”

“पान,” मी म्हणाले.

“‘कर्ण’चं?”

“कान.”

“‘चूर्ण’चं?”

“चुना.”

“मग ‘गिरणी’त ‘र’ काय करतोय?”

मला उत्तर आलं नाही. सर खाली बसले आणि बाकीचा सेमिनार मी कसाबसा संपवला.

माझं एमएस्सी वनस्पतीशास्त्रातलं. पीएचडी दळणाच्या जुन्या दगडांवर चिकटून राहिलेल्या स्टार्चच्या कणांवर आहे. म्हणजे भाषाशास्त्र हा माझा विषय नाही. एका प्रकरणाच्या प्रस्तावनेत दोन पानं ‘जात्याचे शब्द’ म्हणून लिहायची होती, एवढंच. ही दोन पानं मला चार महिने पुरली. तुमच्यापैकी जे संशोधनाला लागणार आहेत त्यांना असं दुसऱ्याच्या शेतात कधी ना कधी शिरावं लागेल, म्हणून तिथे कुठे आणि कशी पडले ते सविस्तर सांगते.

आधी सरांचा प्रश्न. मराठीत आजी-पणजीकडून तोंडोतोंडी आलेला शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत येतो. या प्रवासात ‘र्ण’ हे जोडाक्षर टिकत नाही. त्याचं प्राकृतात ‘ण्ण’ होतं, मग ते एकेरी होतं: पर्ण, पण्ण, पान. तेव्हा लिथुआनियन ‘गिर्नोस’चा मराठीतला खराखुरा भाऊ असता, तर त्याच्यातला ‘र’ वाटेतच गळाला असता. कुणी म्हणेल, तो ‘वर्ण’, ‘पूर्ण’ यांच्यासारखा संस्कृतातून थेट उचलला असेल. पण मग दळणाच्या दगडाला तसा शब्द संस्कृतात हवा, आणि तो नाही. थोडक्यात, ‘गिरणी’ कुठून का आलेली असेना, ती या घराण्यातली नाही. माझा बाण फक्त कानाला लागलेल्या सारखेपणावर उभा होता.

आता खरं घराणं बघू. रशियन भाषेत जात्याच्या तळीला ‘झ्योर्नव’ म्हणतात. (हा ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला नाही, ‘टेलिव्हिजन’ म्हणताना ‘ज’चा जो घासून उच्चार होतो, त्याच्या जवळचा.) पोलिशमध्ये हातजातं म्हणजे ‘झार्ना’, चेक भाषेत ‘झेर्नोव्ह’, सर्बियन-क्रोएशियनमध्ये ‘झ्र्वान्य’, युक्रेनियनमध्ये ‘झोर्ना’. बोहेमियात लिटोमेर्झित्से शहराजवळ ‘झेर्नोसेकी’ नावाची गावं आहेत. नावाचा अर्थ जात्याचे दगड फोडणाऱ्यांची वस्ती. आपल्याकडे जसे पाथरवट, तसे ते.

हे सगळे शब्द ज्या एका शब्दापासून निघाले, तो प्रोटो-स्लाव्हिक, म्हणजे आद्य स्लाव्ह भाषेतला. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ 863 मध्ये मोराव्हियाकडे निघाले आणि त्या कामासाठी स्लाव्ह भाषेला लिपी मिळाली; तोवर आद्य स्लाव्हच्या बोली वेगळ्या व्हायला लागल्या होत्या. म्हणजे आपल्या हातात फक्त वंशज आहेत आणि पूर्वज अनुमानाने उभा करायचा आहे. तुमच्यापैकी ज्यांनी डीएनएच्या क्रमावरून वंशवृक्ष काढलेत त्यांना हे काम परकं वाटणार नाही. असा अनुमानाने काढलेला शब्द तारांकित करून लिहितात: *झिर्नी. यातला पहिला ‘इ’ अगदी आखूड, आणि शेवटचा स्वर आपल्याकडे नसलेला, ‘ई’ आणि ‘ऊ’च्या मधला. हा शेवटचा स्वर एका जुन्या दीर्घ ‘ऊ’तून आलाय. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

स्लाव्ह भाषांच्या शेजारी बाल्टिक भाषा आहेत. लिथुआनियन ‘गिर्नोस’, लाटव्हियन ‘द्झिर्नवास’. स्लाव्हमध्ये ‘झ’ आणि लिथुआनियनमध्ये ‘ग’? हे नियमाने होतं: ‘इ’, ‘ए’सारख्या स्वरांच्या आधी आलेला ‘ग’ स्लाव्हमध्ये ‘झ’ झाला, लिथुआनियनमध्ये जसाच्या तसा राहिला. आणखी पश्चिमेला जाल तर इंग्रजीत हातजात्याला ‘क्वर्न’, स्वीडिशमध्ये ‘क्वार्न’. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात, गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकण्याची जी गोष्ट येते, तिथे ‘असिलुक्वेर्नुस’ आहे, म्हणजे गाढवाने ओढायचं जातं. जुन्या आयरिशमध्ये ‘ब्रो’. आर्मेनियनमध्ये ‘एर्कान’. आणि संस्कृतात ‘ग्रावन्’.

ग, झ, क्व, ब. ‘गिरणी-गिर्नोस’च्या मानाने हे शब्द एकमेकांसारखे दिसतसुद्धा नाहीत. मग हे सगोत्र आणि ते नव्हे, असं कशावरून?

यावर मी केलेला प्रयोग तुम्हीही करून बघा. याच भाषांतला दुसराच एखादा शब्द घ्या, ज्याचा जात्याशी काही संबंध नाही. मी ‘जीव’ घेतला. संस्कृत ‘जीव’, लिथुआनियन ‘गिव्हास’ (जिवंत), रशियन ‘झिवोय’ (जिवंत), इंग्रजी ‘क्विक’ (आज ‘चपळ’, पण जुना अर्थ ‘जिवंत’), जुनं आयरिश ‘बेओ’ (जिवंत). पुन्हा तेच: ग, झ, क्व, ब! एकाच मूळ ध्वनीची प्रत्येक भाषेने आपापल्या परीने लावलेली ही वाट आहे. संस्कृतात ‘इ’समोर त्या ‘ग’चा ‘ज’ झाला म्हणून ‘जीव’. ‘ग्रावन्’मध्ये समोर ‘र’ आहे म्हणून ‘ग’ टिकला. आणखी एक पडताळा हवा असेल तर ‘बायको’ किंवा ‘बाई’ या अर्थाचे शब्द बघा: रशियन ‘झेना’, जुनं आयरिश ‘बेन’, इंग्रजी ‘क्वीन’, संस्कृत ‘जनि’.

शब्द एकसारखे दिसणं हा पुरावा नव्हे. फरक तोच तोच, ठरल्या जागी आणि इतर शब्दांतही सापडणं हा पुरावा. हे मला कळलं तेव्हा मी वसतिगृहाच्या मेसमध्ये होते आणि समोरची आमटी गार झाली होती.

आता त्या शेवटच्या ‘ऊ’कडे येते, कारण या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वात लाडका भाग तो आहे. रशियन ‘झ्योर्नव’मध्ये शेवटी ‘व’ कुठून आला? आद्य स्लाव्हमध्ये *झिर्नी ज्या नामांच्या गटात मोडतो, त्याच गटात *स्वेक्री हा शब्द आहे. अर्थ सासू, नवऱ्याची आई. संस्कृत ‘श्वश्रू’ आणि आपली ‘सासू’ हिचीच ही स्लाव्ह बहीण. या गटातल्या शब्दांच्या मूळ ‘ऊ’पुढे विभक्तीचा स्वर आला की मध्ये ‘व’ उमटतो. आजच्या रशियनमध्ये सासू म्हणजे ‘स्वेक्रोव्ह’, त्यात तो ‘व’ कायमचा चिकटलाय, तसाच ‘झ्योर्नव’मध्येही. आणि मराठीत? एक सासू, अनेक सासवा. एक जाऊ, अनेक जावा. तोच ‘व’, त्याच कारणाने. व्याकरणाने सासू आणि जातं एकाच खोलीत बसवावं, हा योगायोग आहे. पण आमच्या आजीला सांगितलं तेव्हा तिला तो योगायोग मुळीच वाटला नाही.

स्लाव्ह स्वयंपाकघरातला प्रत्येक शब्द असा वडिलोपार्जित नाही. बाबा यागा ही रशियन लोककथांतली चेटकीण ज्या उखळात बसून उडते, त्याला ‘स्तुपा’ म्हणतात. माझ्या तेव्हाच्या स्वभावाप्रमाणे मी लगेच वहीत लिहिलं: ‘स्तूप!! आकार बघ!!’ पोलिशमध्ये याच उखळाला ‘स्तेंपा’ म्हणतात. त्यातला अनुनासिक सांगतो की रशियन ‘उ’ हा मुळातला ‘उ’ नाहीच. तो नाकातल्या ‘ओं’चा झालेला ‘उ’ आहे. तो शब्द जर्मॅनिक शेजाऱ्यांकडून आला, आणि ‘ठोकणे’ या अर्थाचा त्याचा इंग्रजी चुलतभाऊ तुम्ही रोज वापरता: ‘स्टँप’. सांचीचा काही संबंध नाही. वहीतली दोन्ही उद्गारचिन्हं मी खोडली. रशियन ‘कोत्योल’, म्हणजे कढई किंवा हंडा, हाही उसनाच. लॅटिनमधून जर्मॅनिकमध्ये आणि तिथून स्लाव्हमध्ये. इंग्रजीतली ‘केटल’ तीच.

हे सगळं खणून काढणारी माणसं कशी होती, हे जाता जाता सांगायलाच हवं. रशियन भाषेचा व्युत्पत्तिकोश रचणारे माक्स फास्मर बर्लिनमध्ये काम करत होते. 1944 च्या जानेवारीत बॉम्बहल्ल्यात त्यांचं ग्रंथालय आणि वर्षानुवर्षं जमवलेली टिपणांची कार्डं जळून गेली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि कोश 1950 ते 1958 या काळात हायडेलबर्गहून छापून आला. पेनड्राइव्ह बिघडला म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, तेव्हा ही गोष्ट वाचली आणि मुकाट्याने उठून डबा उघडला.

तर स्लाइड बदलली, बाण गेला, ‘जीव’चा पडताळा आला. मला वाटलं, आता प्रकरण पक्कं झालं. मी लिहिलं: ‘जात्याचा शब्द प्रोटो-इंडो-युरोपियन भाषेपर्यंत मागे जातो, म्हणजे किमान साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी त्या लोकांकडे जातं होतं.’

गाइडनी समासात पेन्सिलने लिहिलं: ‘कोणतं जातं?’

ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिली चूक ज्याला भाषाशास्त्र येतं तो पकडतो. दुसरी खुद्द माझ्या विषयातली होती, आणि ती मला दिसली नाही.

दोन दगड एकावर एक, मध्ये खुंटा, वरच्या पेडाला दांडा आणि तो गोल फिरवायचा, हे फिरतं जातं माणसाने फार उशिरा शोधलं. आज माहीत असलेली सगळ्यात जुनी फिरती जाती स्पेनच्या ईशान्य भागातली, इसवी सनपूर्व 5व्या शतकाच्या सुमाराची. मध्य युरोपात ती त्यानंतर पसरली. म्हणजे शब्द साडेचार-पाच हजार वर्षांचा आणि वस्तू अडीच हजार वर्षांची. वस्तूच्या आधी दोन-अडीच हजार वर्षं तिचं नाव कोण कशाला घेत होतं?

उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे, किंवा निदान आजोळी असेल. फिरत्या जात्याच्या आधी जगभर धान्य रगडायची रीत म्हणजे खाली बसकट, मध्ये खोलगट झालेला दगड आणि वर दोन्ही हातांनी पुढे-मागे सरकवायचा दुसरा दगड. आपला पाटा-वरवंटा, फक्त त्यावर मसाल्याऐवजी धान्य. *झिर्नी आणि त्याचा बाप हा या पुढे-मागे रगडण्याच्या दगडाचा शब्द होता. मग कधीतरी गोल फिरणारं यंत्र आलं. दगड तोच, काम तेच, करणाऱ्या बायका त्याच. नाव बदलायचं कारण कुणालाच पडलं नाही. 9व्या शतकानंतरच्या स्लाव्ह शुभवर्तमानात, दोघीजणी दळत बसल्यात या प्रसंगात, हाच शब्द येतो, आणि आता तो फिरत्या जात्याला लागू झालेला आहे. शब्दाच्या खालून वस्तू बदलून गेली आणि शब्दाने त्याची नोंदही ठेवली नाही.

मराठीने इथे वेगळं केलं. पाटा वेगळा ठेवला आणि फिरणाऱ्या साधनाला ‘जाते’ म्हटलं, जो शब्द संस्कृत ‘यंत्र’पासून आलाय. नवीन वस्तू, नवीन नाव. स्लाव्हांनीही पुढे एकदा असंच केलं. पाण्यावर चालणारी चक्की आली तेव्हा पोलिश, चेक, सर्बियन वगैरे भाषांनी उत्तर-लॅटिनमधून आलेला शब्द घेतला: ‘म्वीन’, ‘म्लीन’. त्यामुळे आज पोलिशमध्ये ‘झार्ना’ म्हणजे हातजातं आणि ‘म्वीन’ म्हणजे चक्की. तेव्हा नवी वस्तू कधी जुन्या नावात गुपचूप शिरते, कधी स्वतःचं नाव घेऊन येते. नुसत्या शब्दाकडे बघून यातलं काय झालं हे सांगता येत नाही; त्यासाठी दगडच बघावे लागतात.

आणि दगड बघितले तर आणखी एक घोळ होतो. 2010 मध्ये ॲना रेवेदिन आणि सहकाऱ्यांनी तीन ठिकाणच्या सुमारे 30,000 वर्षांपूर्वीच्या दगडांवरचे स्टार्चचे कण प्रसिद्ध केले. एक ठिकाण इटलीतलं बिलान्चिनो. बाकी दोन, रशियातलं कोस्तेन्की आणि चेक प्रजासत्ताकातलं पाव्लोव्ह, आज स्लाव्ह भाषा बोलल्या जातात त्या भूमीवरची. तिथे गहू-जव नव्हते, शेतीच नव्हती. लोक पाणकणसाचे कंद आणि तसल्याच रानवनस्पती रगडून पीठ करत होते. म्हणजे त्याच मातीत दळण 30,000 वर्षं जुनं, शब्द साडेचार-पाच हजार, फिरतं जातं दोन-अडीच हजार. मी या तिन्हींना एकाच वाक्यात कोंबलं होतं.

मग शब्दाचा पुरावा म्हणून काही उपयोग आहे की नाही? आहे, पण तो दुसरीकडे. स्लाव्ह, बाल्टिक, जर्मॅनिक, केल्टिक, आर्मेनियन या सगळ्यांत अर्थ जातं किंवा जात्याची तळी. पूर्वेकडे आलात की अर्थ सरकतो. ऋग्वेदातला ‘ग्रावन्’ धान्य दळत नाही. तो सोम चेचून रस काढायचा दगड आहे, आणि दहाव्या मंडलातलं 94वं सूक्त याच दगडांना उद्देशून आहे. मध्य आशियातल्या तोखारी भाषेत याच घराण्यातला मानला जाणारा शब्द म्हणजे नुसता ‘दगड’. धान्याच्या शब्दांबाबतही अशीच पूर्व-पश्चिम तफावत दिसते, आणि ती शेती कुणी कधी स्वीकारली याबद्दल काय सांगते, यावर गुस क्रोनेन आणि सहकाऱ्यांचा 2022 चा पेपर आहे. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांनी तो जरूर वाचावा. शब्दाचं वय तुम्हाला वस्तूचं वय देत नाही. पण एका शब्दाचा अर्थ कुठल्या भाषांत धान्याला बांधला गेला आणि कुठे नाही, याचा नकाशा नक्की देतो.

जाता जाता, मराठी ‘पीठ’ संस्कृत ‘पिष्ट’पासून येतं, धातू ‘पिष्’. याच मुळापासून रशियनमध्ये ‘प्शेनित्सा’ निघाला, अर्थ गहू. कुटून खायचं ते. तेव्हा मराठी आणि स्लाव्ह यांच्यात दळणाच्या जगात खरंखुरं नातं शोधणाऱ्याला ते मिळतं. फक्त ते ‘गिरणी’त नाही, डब्यातल्या पिठात आहे. आता स्लाइडवर हे आहे. टाळ्या पडल्या नाहीत.

प्रकरणातलं वाक्य मी पुन्हा लिहिलं: ‘या शब्दावरून फिरत्या जात्याचा काळ ठरत नाही, त्या लोकांकडे धान्य दळण्याचा दगड होता, इतकंच म्हणता येतं.’ सोमवारी ते परत आलं. गाइडनी ‘धान्य दळण्याचा’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘ग्रावन्?’

आता तिथे ‘रगडण्या-कुटण्याचा’ असं आहे. पुढचा सेमिनार मार्चमध्ये आहे.